गोव्याच्या पावसात टिकतील असे कार स्पीकर: घरच्या घरी बसवण्याची पद्धत

कंपनीतून गाडीबरोबर आलेला स्पीकर काढून हातात घेतला की पहिलं जाणवतं ते त्याचं हलकेपण. प्लॅस्टिकची चौकट, कागदी कोन (हलून आवाज काढणारा शंकूसारखा पडदा) आणि मागे एवढंसं चुंबक. तो टाकाऊ असतो असं नाही. गाडीच्या किमतीत बसावा म्हणून जेवढं करता येतं तेवढं कंपनीने केलेलं असतं. पण आमच्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, उरलेले महिने दमट खारी हवा. कागद ओल धरतो, कोनाच्या कडेची घडी कडक होऊन चिरते आणि मग गाणं सुरू केलं की खरखर.

इंटरनेटवर या विषयावर जे वाचायला मिळतं त्यात वॉट आणि ब्रँड यांवरच सगळा भर असतो. गोव्यात आधी पाण्याचा विचार करावा लागतो. तीन-चार हजारांचे साधे स्पीकर नीट सील केलेल्या दारात आणि त्याच्या तिप्पट किमतीचे उघड्या दारात, यांतलं एक निवडायचं तर मी डोळे मिटून पहिलं घेईन.

हा लेख पुढच्या दोन दारांतले स्पीकर बदलण्यापुरता आहे, तेही साधा स्टिरिओ असलेल्या गाडीत. नावाजलेल्या ऑडिओ कंपनीची सिस्टीम आणि तिचा स्वतंत्र ॲम्प (ॲम्प्लिफायर) गाडीबरोबरच आला असेल, तर त्या स्पीकरांचे ओहम, म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप, वेगळे असू शकतात. त्या गाडीला या पद्धतीने हात लावू नका.

बिघाड नक्की स्पीकरचाच आहे का?

स्टिरिओमध्ये बॅलन्स आणि फेडर ही दोन सेटिंग असतात. बॅलन्सने आवाज डावी-उजवीकडे जातो, फेडरने पुढे-मागे. दोन्ही टोकाला नेऊन एका वेळी एकच स्पीकर वाजता ठेवा आणि चारही ऐका. खरखर एकाच दारातून येत असेल तर तिथे तळहात दाबून बघा. दाबल्यावर थांबली तर स्पीकर ठीक आहे, पॅडची, म्हणजे दाराला आतून लावलेल्या प्लॅस्टिकच्या आवरणाची, क्लिप सैल झाली आहे. दाराच्या कप्प्यातली पाण्याची बाटली आणि सुटी नाणीसुद्धा हेच नाटक करतात.

दार उघडता-मिटताना आवाज येत-जात असेल तर दोष बहुधा वायरचा. दार आणि खांब यांच्यामध्ये रबराची लवचिक नळी असते, तिच्यातून वायर जातात आणि वर्षानुवर्षं वाकून आतल्या आत तुटतात. नवा स्पीकर लावून हा आजार बरा होत नाही.

स्पीकर काढल्यावर मल्टिमीटर असेल तर त्याच्या दोन टोकांना लावा. ४ ओहमचा स्पीकर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो. काहीच आकडा आला नाही तर आतली कॉइल गेली.

माप आधी, खरेदी नंतर

‘साडेसहा इंची’ हे शब्द दुकानात सगळे वापरतात, पण एका कंपनीचा साडेसहा इंची स्पीकर दुसऱ्या कंपनीच्या भोकात बसेलच असं नाही. जुना स्पीकर काढून (दार उघडायची पद्धत पुढे दिली आहे) तीन मापं घ्या: पत्र्यातल्या भोकाचा व्यास, स्क्रूच्या दोन समोरासमोरच्या भोकांमधलं अंतर आणि पत्र्यापासून आतल्या काचेपर्यंतची खोली. काच पूर्ण खाली असतानाच खोली मोजायची. साडेसहा इंची, म्हणजे १६५ मिलिमीटरच्या स्पीकरला साधारण ६० ते ६५ मिलिमीटर खोली लागते, आणि छोट्या हॅचबॅकमध्ये नेमकी तीच कमी पडते. पुढची बाजूही बघा. कोॲक्सियल स्पीकरचा मधला ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर) बाहेर येतो आणि पॅडच्या जाळीला टेकू शकतो.

काय घ्यावं

कोॲक्सियल म्हणजे एकाच चौकटीत कोन आणि ट्वीटर. काढायचा, लावायचा, काम संपलं. कॉम्पोनंटमध्ये ट्वीटर वेगळा येतो, तो आरशाजवळ किंवा डॅशबोर्डवर बसतो, आणि दोघांना आवाज वाटून देणारा क्रॉसओव्हर नावाचा डबा असतो. पहिल्यांदाच करणाऱ्याने कोॲक्सियल घ्यावा. गाडीत आधीपासून वर ट्वीटरची जागा असेल तर मात्र कॉम्पोनंटचा खरा फायदा होतो, कारण गाणं गुडघ्यापाशी न वाजता समोर येतं. त्या गाडीत कोॲक्सियल लावलात तर जुना ट्वीटर काढून ठेवा. नाहीतर दोन-दोन ट्वीटर एकाच वेळी वाजतात आणि वरचा सूर कानाला टोचतो.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्याकडे दुर्लक्ष करा. ‘३०० वॉट’ हा क्षणभराचा कमाल आकडा असतो, खालचा आरएमएस, म्हणजे सलग झेपणाऱ्या पॉवरचा आकडा वाचा. तुमच्या स्टिरिओवर ‘५० × ४’ लिहिलं असलं तरी तो सलग १५ ते २० वॉटच देतो. म्हणून ॲम्प लावणार नसाल तर खरं महत्त्व सेन्सिटिव्हिटीला, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर स्पीकर किती मोठा वाजतो त्याला. हा आकडा डेसिबलमध्ये असतो, ९० किंवा वर बघा. तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट पॉवरचा फरक: ९१ डेसिबलचा स्पीकर जेवढ्या पॉवरला जितका मोठा वाजेल, तितकाच वाजायला ८८ डेसिबलच्याला दुप्पट पॉवर लागेल. भारदस्त, महागडा, कमी सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर साध्या स्टिरिओवर अनेकदा जुन्यापेक्षाही मवाळ वाजतो, आणि माणूस दुकानदाराला शिव्या घालतो.

ओहम चारच ठेवा. दोन ओहमचा स्पीकर साध्या स्टिरिओला लावू नका, तो तापून बसेल.

कोन कशाचा आहे हेही विचारा. पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे प्लॅस्टिकचा कोन आणि त्याला रबराची कड, हे आमच्या हवेला मानवतं. कागदी कोनाचा आवाज काहींना गोड वाटतो, मलाही वाटतो, पण दारात लावायला मी घेणार नाही. नामांकित ब्रँडच्या नकला बाजारात भरपूर आहेत, तेव्हा पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मागच्या दारांची घाई नको. पुढे बसणाऱ्याला ऐकू येतं ते पुढचंच, आणि मागच्या जोडीचे पैसे डँपिंग शीटवर (पत्र्याची थरथर दाबणारी चिकट शीट) घातले तर जास्त उपयोग.

जवळ काय ठेवायचं

प्लॅस्टिकची पट्टीसारखी ट्रिम-टूल्स, चांगला फुली स्क्रूड्रायव्हर, १० मिलिमीटरचा पाना, पॅडच्या सात-आठ सुट्या क्लिपा (एक-दोन तुटतातच), क्रिंपिंगचा (वायरचा जोड दाबून घट्ट करायचा) पक्कड, आतून गोंद असलेली हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी, ब्युटिलची (चिकट रबराची) दोरी, ब्युटिलची डँपिंग शीट, स्पंजची पट्टी, गंजरोधक प्रायमरची छोटी डबी. गाडीच्या मॉडेलप्रमाणे स्पीकरचं तयार कपलर (वायर जोडायचा प्लग) आणि रिंग मिळते का ते बघा. कपलर मिळालं तर गाडीची मूळ वायर कापावी लागत नाही, आणि वॉरंटीवरून वाद उद्भवत नाही.

दिवस निवडताना ऑक्टोबर ते मे हा काळ धरा. जूनमध्ये पोर्चमध्ये उभी करूनही हे काम करता येतं, पण हवेत इतकी ओल असते की चिकटपट्ट्या पत्र्याला नीट धरत नाहीत.

दार उघडणं

आधी काच पूर्ण वर घ्या, मग किल्ली काढून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. क्रम महत्त्वाचा, तार सोडवल्यावर काच हलत नाही. काही गाड्यांच्या दारात साइड एअरबॅगचा सेन्सर असतो, त्यामुळे कपलर सुटं असताना इग्निशन चालू करायचं नाही. हाताने काही काढण्याआधी फोनवर फोटो काढत चला.

स्क्रू लपलेले असतात: आतल्या हँडलमागच्या छोट्या झाकणाखाली, दार ओढायच्या खाचेच्या तळाशी, कधी आरशामागच्या त्रिकोणी तुकड्यापाशी. सगळे निघाले याची खात्री झाल्यावर पॅडच्या खालच्या कोपऱ्यात ट्रिम-टूल घाला आणि क्लिप जिथे असेल तिथेच जोर द्या. पहिली क्लिप सुटताना ‘टक्’ असा इतका मोठा आवाज येतो की पॅडच मोडलं असं वाटतं. मोडलेलं नसतं. तीन बाजू सुटल्या की पॅड वर उचलून काचेच्या पट्टीतून काढा. मागून लॉकची केबल आणि पॉवर विंडोचं कपलर अजून जोडलेलं असतं. पॅड वायरवर लोंबकळत ठेवू नका, मांडीवर टेकवून दोन्ही सोडवा.

पाण्याचं गणित

पॅड निघालं की मागे पातळ प्लॅस्टिकचा कागद किंवा फोमची चादर काळ्या चिकट दोरीने लावलेली दिसेल. हे पॅकिंग नव्हे. पावसाचं पाणी काचेच्या बाहेरच्या रबरापाशी अडत नाही, सगळ्याच गाड्यांत थोडं दाराच्या पोटात उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. ते आतल्या बाजूला, पॅडवर आणि तुमच्या पायाखालच्या कार्पेटवर येऊ नये म्हणून हा कागद असतो. स्पीकरपुरतं भोक पाडून तो फाडणारे मेस्त (मिस्त्री) पुष्कळ आहेत. तुम्ही कोपऱ्यापासून हळूहळू सोलून काढा, दोरी मऊ करायला हेअर ड्रायर चालेल. पुन्हा लावताना जुनी दोरी धुळीने माखलेली असेल तर ती खरवडून नवी ब्युटिल दोरी फिरवा.

आता नवा स्पीकर लावण्याआधी एक तांब्या पाणी घ्या आणि बाहेरून काचेच्या रबरालगत सावकाश ओता. खाली वाकून बघा. काही क्षणांत दाराच्या तळाकडून धार लागली पाहिजे. नुसतेच थेंब आले किंवा काहीच आलं नाही, तर भोकं बुजली आहेत. डिचोली, सांगे, केपे भागात फिरणाऱ्या गाड्यांत हे हमखास होतं, लाल माती आत साचून चिखलाची वडी बनते. दात कोरायच्या काडीने किंवा पातळ तारेने भोकं मोकळी करा आणि पुन्हा पाणी ओता. माती निघून स्वच्छ पाणी येईपर्यंत हे करा. दार आतून सडायला इथूनच सुरुवात होते, त्यामुळे स्पीकर बदलायचा नसला तरी वर्षाकाठी एकदा करण्यासारखं आहे.

स्पीकरच्या मागे वरून पाणी गळतं ते थेट चुंबकावर आणि टर्मिनलवर. त्यासाठी वरच्या अर्ध्या भागाला टोपीसारखा आडोसा करा. जुन्या कॅनच्या जाड प्लॅस्टिकची पट्टी वाकवून ब्युटिलने चिकटवली तरी चालते. बाजारात फोमचे पूर्ण वाटीसारखे बॅफल (स्पीकरमागचे आडोसे) मिळतात, ते तसेच लावू नका. त्यांत स्पीकरला श्वास मिळत नाही, बेस मरतो, आणि पाणी शिरलं तर वाटीतच साठून राहतं. घ्यायचेच असतील तर खालचा आणि मागचा भाग कापून फक्त छप्पर ठेवा.

रिंग, स्क्रू आणि गंज

भोक मोठं आणि स्पीकर छोटा असेल किंवा खोली कमी पडत असेल तर मध्ये रिंग लागते. बरीच दुकानं एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची) कापून देतात. कोरडी असताना छान दिसते, एक पाऊस गेला की पावासारखी फुगते आणि स्क्रू सुटतात. एबीएस प्लॅस्टिकची तयार रिंग घ्या. मिळाली नाही तर स्वयंपाकघरातल्या जाड प्लॅस्टिकच्या कटिंग बोर्डातून कापून घ्या. पाणी पीत नाही, स्क्रू घट्ट धरतो आणि करवतीने सहज कापतो. घरच्यांचा जुना बोर्ड मात्र न विचारता उचलू नका.

काही गाड्यांत कंपनीचा स्पीकर स्क्रूऐवजी रिव्हेटने बसवलेला असतो. रिव्हेटचं डोकं ड्रिलने उडवावं लागतं आणि लोखंडाचा बारीक कीस पडतो. नवा स्पीकर तोवर खोक्यातच राहू द्या. त्याचं चुंबक कीस ओढून घेतं, आणि एक कण कॉइलच्या फटीत गेला तर नवाकोरा स्पीकर जन्मभर खरखरतो. ओल्या फडक्याने आणि व्हॅक्यूमने सगळं टिपून घेतल्यावरच खोकं उघडा.

ड्रिल केलेल्या प्रत्येक भोकाच्या कडेला प्रायमरचा हात द्या. उघडा पत्रा आमच्या हवेत फार दिवस उघडा राहत नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे वापरा, सुतारकामाचे काळे स्क्रू पहिल्याच पावसात तांबडे होतात.

स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये स्पंजची पट्टी गोल फिरवा, फट राहता कामा नये. कोन पुढे ढकलला की मागे ओढ निर्माण होते. पुढची आणि मागची हवा फटीतून एकमेकींना भेटली की खालचे सूर तिथल्या तिथे विरतात. घुमट या आमच्या मातीच्या वाद्याच्या मडक्याला तडा गेला की चामडं कितीही चांगलं असो, नाद बसतो, तसंच हे. म्हणूनच आतल्या पत्र्यातली मोठी भोकंही डँपिंग शीटने झाकली की बेस एकदम भरतो. शीट बाहेरच्या पत्र्यावर, स्पीकरच्या बरोबर मागे, हातभर लावली तरी पुरे. सगळं दार मढवायची गरज नाही. तळाची भोकं आणि लॉकच्या दांड्या मात्र मोकळ्या ठेवा. शीट ब्युटिलचीच घ्या, डांबराची स्वस्त शीट एप्रिल-मेच्या उन्हात घसरते आणि गाडीभर वास सुटतो.

वायर जोडताना

वायरच्या रंगावरून प्लस-मायनस ओळखता येत नाही, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. सोपा उपाय असा. काढलेल्या जुन्या स्पीकरच्या टर्मिनलांना दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवा. कोन बाहेर उसळला तर सेलच्या प्लसला टेकलेलं टर्मिनल प्लस. त्या टर्मिनलवर गाडीची जी वायर येत होती ती प्लसची. गाडीकडच्या वायरला मात्र सेल कधीही टेकवू नका, ती थेट स्टिरिओत जाते. नव्या स्पीकरवर रुंद पाता प्लसचा आणि अरुंद पाता मायनसचा असतो.

वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळणं हा आपल्याकडचा आवडता जोड. दमट उष्णतेत टेपचा गोंद वितळतो, तांबं हिरवं पडतं आणि आवाज तुटायला लागतो. जोड क्रिंप करा आणि हीट-श्रिंक नळीने बंद करा. कपलरमध्ये थोडं सिलिकॉन ग्रीस भरा. वायर जोडाच्या खाली थोडी झोळ देऊन सोडा, म्हणजे वरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, जोडात शिरणार नाही. कॉम्पोनंट घेतला असेल तर क्रॉसओव्हरचा डबा दाराच्या तळाशी ठेवू नका, डॅशबोर्डखाली कोरड्या जागी न्या.

पॅड बसवण्याआधी

सुटी केलेली सगळी कपलरं आधी जोडा, विंडोच्या स्विचसकट, मग बॅटरीची तार लावा. काच वर-खाली करा, चुंबकाला घासत नाही ना ते बघा. काचेचं ऑटो बटण चालत नसेल तर घाबरू नका, बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की ते पुन्हा शिकतं.

आवाज ऐकताना डिस्कोचं गाणं लावू नका, त्यात काहीही चांगलंच वाटतं. जितेंद्र अभिषेकींचं एखादं नाट्यगीत लावा. गळा दोन्ही दारांच्या बरोबर मध्ये, डॅशबोर्डवर उभा राहिल्यासारखा वाटला पाहिजे. तो सगळीकडून, पण कुठूनच नाही असा येत असेल आणि डग्गा नुसता टपटप वाजत असेल, तर एका दाराचं प्लस-मायनस उलटं झालं आहे. एका बाजूचे पाते बदला आणि पुन्हा ऐका, फरक कोणालाही कळतो. चतुर्थीच्या आरतीचं घुमट आणि शामेळाचं (काठ्यांनी वाजवायच्या ढोलाचं) रेकॉर्डिंग असेल तर तेही लावा. घुमटाचा खालचा घोष आणि शामेळाचा कडक ठोका दोन्ही सुटे ऐकू आले की काम जमलं.

स्टिरिओवरचा बेस शून्यावर आणून मग गरजेपुरता वाढवा, लाउडनेस बंद ठेवा. हाय-पास फिल्टर असेल तर ८० हर्ट्झवर लावा, म्हणजे न झेपणारा खालचा सूर स्पीकरवर पडणार नाही. आवाज शेवटच्या टोकाला नेऊ नका. तिथे स्टिरिओ सूर कापायला लागतो आणि आधी ट्वीटर जळतो. आणि ही चाचणी दिवसा करा. रात्री दहा ते सकाळी सहाचे आवाजाचे नियम सोडले, तरी शेजारी आहेतच.

दुकानातून करून घेणार असाल तर

म्हापसा, मडगाव, पणजीच्या आसपास ॲक्सेसरीजची दुकानं भरपूर आहेत आणि दार उघडण्यात तिथल्या पोरांचा हात तुमच्या-माझ्यापेक्षा साफ असतो. फक्त शेजारी उभे राहा. मूळ वायर कापायची नाही, प्लॅस्टिकचा कागद फाडायचा नाही, रिंग एमडीएफची नको, हे काम सुरू होण्याआधी सांगा. ‘कागदाची काही गरज नाही, नुसता पसारा’ असं कोणी म्हणालं तर गाडी पुढच्या दुकानात न्या.

पहिल्या मोठ्या पावसानंतर

जूनच्या पहिल्या जोरदार सरी झाल्या की पायाखालचं रबरी मॅट उचलून कार्पेटला हात लावा. ओलं असेल तर कागदाची दोरी कुठेतरी सुटली आहे. बहुतेकदा खालच्या काठाला किंवा वायर बाहेर येते तिथे. पॅड उतरवून तेवढाच भाग कोरडा करा आणि नवी ब्युटिल दाबून बसवा. कार्पेट तसंच राहू दिलं तर आठवड्याभरात बुरशीचा वास, मग खालचा पत्रा.

जुने स्पीकर त्यांच्या कपलरसकट नव्याच्या खोक्यात घालून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना नवे काढून घ्यायचे आणि जुने परत लावायचे, दोन दारांचं तासाभराचं काम आहे.